कडूबाई काढायची ती कीड

सोनारीच्या कडूबाईला दातांची डॉक्टर म्हणायचं की नाही, यावर भांडायचं असेल तर खुशाल भांडा. पण ज्याची दाढ ठणकायला लागते त्याला असल्या भांडणात काडीचा रस नसतो. तो गालाला फडकं बांधून सरळ तिच्या ओसरीवर येऊन बसायचा. रविवारी तर विचारूच नका. भैरवनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं देवळातून निघाली, माकडांच्या तावडीतून नारळ सोडवला, की त्यातली दोन-चार हमखास तिच्या घराची वाट विचारायची. परंड्याची, भूमची, सीना ओलांडून करमाळ्याकडची. कडूबाई कुणाकडून पैसा घ्यायची नाही. पैसा घेतला की विद्या जाते, असं तिच्या सासूनं तिला बजावलं होतं, आणि सासूचा शब्द मोडायची तिची टाप नव्हती.

तिची रीत अशी. परातीत पाणी घ्यायचं, त्यात दगड ठेवून त्यावर चुलीत लालभडक केलेला नांगराचा जुना फाळ ठेवायचा. फाळावर तेलात कालवलेलं काटेरी रिंगणीचं बी टाकायचं. बी चरचरायला लागलं की वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं उपडं घालायचं आणि भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचायचा. ज्याची दाढ दुखते त्यानं तो देठ तोंडात धरून धूर घ्यायचा. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, लाळ तर नुसती गळायची. जरा वेळानं कडूबाई मडकं उचलायची आणि म्हणायची, "बगा आता." परातीच्या पाण्यात बारीक, पांढऱ्या, वाकड्या किडी तरंगत असायच्या. लोक तोंडात बोट घालायचे. दाढेतली कीड डोळ्यांदेखत पाण्यात पडलेली, आता आणखी काय पुरावा पाहिजे?

तर अशा बाईची लेक हर्षाली. किडी मोजायचं काम लहानपणापासून तिचं. गावातल्या पोरी भांडी-कुंडी खेळायच्या तेव्हा ही बाहुलीच्या तोंडात एरंडाचा देठ घालून कीड काढायची. बारावी झाल्यावर धाराशिवच्या कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजिनिस्टचा कोर्स आहे असं कळलं, दात साफ करायचे, हिरड्या तपासायच्या, डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं, तेव्हा हिनं दुसरीकडं बघितलंसुद्धा नाही. कडूबाईच्या तर पायाला जमीन लागेना. येईल त्याला सांगायची, "आमची हर्षाली दाताचंच शिकाया गेलीय. रगातच हाय ते!"

कॉलेजात शिकवायला भैरवी मॅडम होत्या. तुळजापूरच्या, मास्तरांच्या घरातल्या, आवाज मऊ पण बोलणं रोखठोक. त्यांनी पहिल्या महिन्यातच फळ्यावर दाढ काढली, दाढेत काळा खड्डा काढला आणि म्हणाल्या, "आपण म्हणतो दात किडला. भाषेत आहे ते ठीक आहे. पण दातात कीड नावाचा प्राणी नसतो. गोड खाल्लेलं दाताला चिकटून राहतं, डोळ्यांना न दिसणारे जंतू त्याचं आम्ल करतात, आणि त्या आम्लानं दात विरघळतो. पोखरणारं असं कुणी नसतं."

हर्षाली उठून उभी राहिली. तिला कुणी उठवलं नव्हतं.

"मॅडम, कीड असती. म्या बघितलीय."

वर्गानं दात काढले. मागून कुणीतरी म्हणालं, "सोनारीची कीड असल, तिथं माकडं बी दात घासत्यात." हर्षालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती तशीच उभी राहून म्हणाली, "हसू नका. माजी आई काढती. शेकड्यानं काढल्यात. पाण्यात वळवळताना म्या डोळ्यांनी बघितल्यात!"

वळवळताना म्हटलं खरं, पण म्हणता म्हणताच तिला वाटलं, वळवळताना बघितल्या का आपण? पाणी हललं की त्या हलायच्या. पाणी थांबलं की? हे तिनं कधी नीट बघितलंच नव्हतं.

भैरवी मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घेऊन ये. बघू या सगळे मिळून."

घ्या! हर्षालीला दुसरं काय पाहिजे होतं? ती गावी गेली आणि आईला सांगितलं, कॉलेजातल्या मॅडमनी तुझी कीड मागवलीय. कडूबाईनं धुतलेल्या बाटलीत ताज्या किडी भरून दिल्या, वर टोपण घट्ट लावून फडक्यात गुंडाळल्या, जसा काही देवाचा अंगारा द्यावा. "मॅडमला म्हनावं, आनकी लागल्या तर मागा."

मॅडमनी एक कीड काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि हर्षालीला बघायला लावलं. "हिला डोकं कुठं आहे?"

हर्षालीनं बघितलं. डोकं नव्हतं.

"पाय? तोंड?"

काहीच नव्हतं. नुसती पांढरी, गुळगुळीत, वाकडी काडी.

"जिला तोंडच नाही," मॅडम म्हणाल्या, "ती दात कशानं पोखरणार गं?"

मॅडमना स्वतःलाही ते काय आहे हे सांगता येईना, म्हणून त्यांनी शेजारच्या खोलीतल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना हाक मारली. सरांनी नळीला डोळा लावला आणि हसून म्हणाले, "हा तर बियातला मोड! वांग्याच्या, मिरचीच्या बियात असतो तसला. धूर कशाचा करतात?" रिंगणीचा, असं हर्षाली पुटपुटली. "मग झालं. बी तापून फुटतं आणि आतला मोड उडून पाण्यात पडतो. माणसाच्या तोंडाचा त्याच्याशी संबंध नाही."

हर्षालीला विश्वास ठेवायचा नव्हता. कुणाला ठेवावासा वाटेल? तिनं होस्टेलवर वाटीत रिंगणीचं बी भिजत घातलं आणि दुसऱ्या दिवशी सुईच्या टोकानं एक-एक बी फोडत बसली. प्रत्येक बियातून तीच निघाली. तीच पांढरी, तीच वाकडी. जिला ती लहानपणापासून मोजत आली होती ती. आपली आई लबाड आहे का? नाही. फुकट लबाडी करायला कुणी चुलीपुढं फाळ तापवत बसत नाही. आईला सासूनं सांगितलं, सासूला तिच्या सासूनं, आणि देठाला कुणाचं तोंड न लावता परातीत काय पडतंय हे एकीनंही बघितलं नाही. कशाला बघेल? दाढ दुखत नसेल तर धूर घ्यायला बसतं कोण?

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पोरगी आठवडाभर रडली असती, घरी जाऊन आईशी भांडली असती, आणि दोघी कधीतरी हसल्या असत्या. पण पुढच्याच आठवड्यात भैरवी मॅडमनी सुजेचा पाठ घेतला.

"ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं समजू नका," त्या म्हणाल्या. "आतली नस मेली की ठणका आपोआप थांबतो. सड मात्र मुळाशी उतरत राहते. खालच्या दाढेची सूज जबड्याखाली दोन्ही बाजूंना उतरली, गळा फळीसारखा टणक झाला, तोंड उघडेना, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना, लाळ गळायला लागली, तर तिथं तुमचं काम एकच. हात लावायचा नाही. त्याच मिनिटाला मोठ्या दवाखान्यात. कारण पुढं श्वासाची वाट बंद होते."

बाकीच्या पोरी वहीत उतरवून घेत होत्या. हर्षालीच्या हातातलं पेन खाली पडलं ते तिला कळलंसुद्धा नाही. मॅडम बोलत होत्या ते पुस्तकातलं नव्हतंच. ती तिच्या बापाची गोष्ट होती.

हर्षाली सहावीत असताना बलभीम गेला. धडधाकट गडी, एका हातानं ज्वारीचं पोतं उचलणारा. दाढ दुखायला लागली, बायकोनं धूर दिला, भरपूर किडी निघाल्या. ठणका थांबला. बलभीम सगळ्या गावाला सांगत फिरला की आमच्या घरातच दवाखाना आहे. मग काही दिवसांनी गळा सुजला. कडूबाईनं पुन्हा धूर दिला, पुन्हा किडी निघाल्या. दुसऱ्या दिवशी खांद्यावरच्या टॉवेलनं सारखी लाळ पुसत, तोंड मिटलेलं, अशा अवस्थेत त्याला बार्शीला न्यायला जीपमध्ये घातलं, आणि परंडा मागं पडायच्या आत सगळं संपलं. गावानं ठरवलं, करणी केली कुणीतरी. कडूबाईलाही तेच पटलं. तिनं तर किडी काढल्या होत्या, दात निर्मळ केला होता. मग दाताचा दोष कसा असेल?

आता सांगा, या पोरीनं करायचं काय? आईला जाऊन 'तुझा धूर खोटा' एवढंच सांगणं अवघड नव्हतं. आई चिडली असती, दोन दिवस बोलली नसती. पण धूर खोटा ठरला की बलभीम करणीनं गेला नाही, हे आईला कुणी समजावून सांगायची गरज उरत नव्हती. ती बाई अडाणी होती, खुळी नव्हती. आणि सांगायचं नाही म्हटलं, तर दर रविवारी त्याच ओसरीवर नवा बलभीम येऊन बसत होता.

हर्षाली गावी गेली तेव्हा कडूबाईनं उंबऱ्यातच विचारलं, "काय म्हनल्या मॅडम?"

हर्षाली म्हणाली, "लई बारीक नजरंनं बगितल्या."

खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. कडूबाई खुशीत चुलीकडं गेली. पुढच्या खेपेलाही तिनं सांगितलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. प्रत्येक वेळी ठरवून जायची, आणि आई तिच्यासाठी राखून ठेवलेली दही-धपाटी पुढं करायची, की ही मुकाट्यानं खायला बसायची. ओसरीवर कुणी आलं की ही हळूच त्याच्या मागं जाऊन "दवाखान्यात बी दावा बरं का" म्हणायची. ऐकतंय कोण? किडी तर निघाल्या होत्या.

मग तो रविवार आला. धुरपताबाई नावाची शेजारच्या वस्तीवरची म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली. सून शिवांजली, हर्षालीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, कडेवर तान्हं पोर. पदर तोंडाशी धरलेला. हर्षाली तेव्हा अंगणात धुणं वाळत घालत होती. पदर जरा बाजूला झाला तेव्हा हर्षालीला दिसलं. पदर लाळेनं ओला होता. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी सूज, कातडी ताणून चमकत होती.

कडूबाईनं फाळ चुलीतून काढला होता. ओसरीवर आणखी पाच-सहा माणसं धुराची वाट बघत बसली होती.

"आई, थांब!" हर्षाली ओलं लुगडं तसंच टाकून धावली. "हिला धूर दिऊ नको. हिला आत्ताच्या आत्ता बार्शीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला पायजे."

"न्यू दे की. आदी कीड काडते, मग जाऊ दे कुटं जायचं ते."

"न्हाय. आदी न्हाय आन मागनं बी न्हाय."

"आगं पोरी," धुरपताबाई म्हणाली, "तुज्या आईनं माजी दाढ बरी केली. परवा हिची बी कीड काडली, लई निगाली. ठनका थांबला बग हिचा. ही सूज तेवडी ऱ्हायलीय."

ठणका थांबला. सूज राहिली. हर्षालीला ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीच. "कीड नसती, आई! दातात कीड नसतीच!"

कडूबाईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. चारचौघांत, देवाच्या वारी, पोटच्या पोरीनं तोंडावर मारावं?

"चार बुकं शिकलीस तर लई शानी झालीस व्हय गं? सगळा मुलूक बगतोय ती कीड खोटी? म्या खोटी?"

"तू खोटी न्हायस, आई." हर्षाली आता रडत होती, पण मागं हटत नव्हती. "तू एकच कर. धूर कर. पर देठाला कुनाचंच तोंड लावू नको. कीड पडली न्हाय तर म्या कालिज सोडते, तुज्या पायावर डोकं ठिवते."

"मंजूर!" कडूबाई तावातावानं उठली. "बगा रं समदे. साक्ष ऱ्हावा." तिनं फाळ परातीतल्या दगडावर ठेवला, त्यावर चिमूटभर नाही, मूठभर बी टाकलं, मडकं उपडं घातलं, देठ खोचला. देठातून धूर सरळ वर जायला लागला. कुणाचं तोंड नाही, कुणाची दाढ नाही. बी तडतडत होतं. कडूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, ओठांवर हसू होतं. आता पोरीची जिरणार, एवढंच त्या हसण्यात होतं.

आवाज थांबला. तिनं मडकं उचललं.

पाण्यात किडी होत्या. नेहमीपेक्षा जास्त होत्या.

एक म्हातारा वाकून बघायला आला आणि तसाच मागं सरकला. कडूबाईनं परातीत हात घातला, एक कीड बोटावर घेतली, डोळ्यांजवळ नेली. मग तिनं वर देठाकडं बघितलं, पुन्हा बोटाकडं बघितलं. आता आई विचारेल. आता आई म्हणेल, मग तुज्या बापाचं काय? त्या प्रश्नाला उत्तर द्यायची हर्षालीनं किती दिवस मनात तयारी केली होती.

कडूबाईनं काहीच विचारलं नाही. तिनं बोट पदराला पुसलं. शिवांजलीच्या कडेवरचं पोर घेऊन धुरपताबाईच्या हातात दिलं आणि ओरडली, "जीप बलवा कुनीतरी! बगत काय बसलाव!" मग ती शिवांजलीला धरून स्वतःच जीपमध्ये चढली. पायात चप्पल नव्हती, कपाळाला चुलीची राख लागलेली. हर्षाली शेजारी बसून साऱ्या वाटेनं शिवांजलीची मान पुढं वाकती धरून होती, मॅडमनी शिकवलं तशी. परंडा मागं पडलं तेव्हा कडूबाईनं डोळे मिटून घेतले. बार्शी आली तेव्हाच उघडले.

दवाखान्यात शिवांजलीला थेट आत नेलं. बराच वेळ दोघी मायलेकी भिंतीला टेकून बसून होत्या. ऊन कलायला लागलं तेव्हा डॉक्टर बाहेर आला, तरणाच होता, हातमोजे काढत म्हणाला, "गळ्याखाली चीर देऊन पू काढलाय. आता धोका नाही. वेळेवर आणलंत बरं का, उद्यावर टाकलं असतं तर श्वास बंद झाला असता."

हर्षालीचा बांध फुटला. वाचली! पोराची आई वाचली! तिनं आईचा हात धरला. हात थंडगार होता.

"आई, ऐकलंस का? वाचली ती. तुज्यामुळं वाचली."

"ऐकलं." कडूबाई समोरच्या भिंतीकडं बघत होती. "उद्या म्हनला त्यो."

"व्हय. पर आपुन आज आनली."

"तुज्या बापाला बोलता येत न्हवतं," कडूबाई म्हणाली. आवाज अगदी साधा, जणू कुणाच्या तरी शेताबद्दल बोलत होती. "गेले त्याच्या आदल्या दिशीच सकाळी उटले, टावेल घितला, दारात हुबं ऱ्हायले. हातानं दावलं मला. बार्शीकडं. दोनदा दावलं."

हर्षालीला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, आईपासून लपवायचं जे काही आहे ते सगळं आपल्याच पोटात आहे.

"म्या परात दावली त्यान्ला," कडूबाई म्हणाली. "म्हनलं, ह्या बगा किती निगाल्या. आज पडा निवांत. उद्या जाऊ."